एकच साइट की मोबाइलसाठी वेगळी?

गवतफूल:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचकगटाच्या साइटचं काम नव्याने काढलंय. लेख, जुन्या छायाचित्रांचा मोठा संग्रह, कार्यक्रमांचं वेळापत्रक आणि नावनोंदणीचा अर्ज असा सगळा पसारा आहे. आत्ताची साइट संगणकाच्या मोठ्या स्क्रीनसाठीच बांधलेली. फोनवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी. चिमटीने मोठी करायची आणि मग प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत वाचायचं.

काम करू शकतील अशा दोघांशी बोलणं झालं. एक म्हणतात, फोनसाठी 'एम डॉट'ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर वेगळी, हलकी साइट करू. येणाऱ्याचं उपकरण सर्व्हर ओळखेल आणि योग्य त्या साइटवर धाडेल. दुसरे म्हणतात, साइट एकच ठेवा, ती रिस्पॉन्सिव्ह करू, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे तिची मांडणी आपोआप बदलेल. दोघंही आपापल्या मतावर ठाम. आमच्या वाचकांत नवे फोनवाले आहेत, टॅब्लेटवाले आहेत, जुने लॅपटॉप आहेत, बटणांचा फोन वापरणारेही आहेत. एक काका टीव्हीच्या ब्राउझरवर वाचतात. यातल्या कुणालाही दुय्यम वागणूक मिळू नये, एवढीच इच्छा. जाणकारांनी सांगावं.

रानवारा:
एकच साइट.

वेगळ्या मोबाइल साइटचा त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही, पुढे दिसतो. कुणी फोनवरून लेखाचा दुवा पाठवतं, समोरचा तो लॅपटॉपवर उघडतो आणि त्याला रुंद स्क्रीनवर फोनसाठीचं पान मिळतं. उलट दिशेने आलं तर अनेक साइट फोनवाल्याला त्या लेखाऐवजी थेट मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. शिवाय दोन प्रती झाल्या की एकीत दुरुस्ती होते आणि दुसरीत राहून जाते. तुमच्या वेळापत्रकात असं झालं तर माणसं चुकीच्या दिवशी येतील.

आणखी एक. गूगल आता पानाची नोंद करताना मोबाइलला दिसणारी आवृत्ती वाचतं. हलक्या साइटवरून जे गाळाल ते शोधातूनही गळेल.

शब्दवेडी:
चांगला धागा. वाचनखूण साठवली आहे.

आडवाटेने:
रानवाऱ्याशी सहमत. पण ते पहिले गृहस्थ काही भलतंच सांगत नाहीयेत. उपकरण ओळखून मजकूर पाठवणं ही एके काळची गरज होती.

१९९८ मध्ये वॅप, म्हणजे साध्या फोनवर इंटरनेट आणायची पद्धत, आली. त्यासाठीची पानं डब्ल्यूएमएल नावाच्या वेगळ्याच भाषेत लिहावी लागत. १९९९ मध्ये जपानमध्ये आय-मोड ही फोनवरची इंटरनेट सेवा सुरू झाली, तिची कॉम्पॅक्ट एचटीएमएल आणखी निराळी. एका फोनला रंगीत चित्र चाले, दुसऱ्याला फक्त काळं-पांढरं. पान कोणत्या फोनने मागितलंय हे कळल्याशिवाय सर्व्हरला धड काही पाठवताच येत नसे. म्हणून वर्फलसारखे फोन-मॉडेलांच्या माहितीचे कोश तयार झाले. ब्राउझर दर मागणीबरोबर यूजर एजंट नावाची ओळखीची ओळ पाठवतो. तिच्यावरून मॉडेल शोधायचं, त्याची स्क्रीन किती आणि त्याला काय झेपतं हे कोशात बघायचं आणि त्या मापाचं पान शिवून द्यायचं.

जुलै २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, मोबाइल वेबसाठी शिफारशी काढल्या. उपकरणाबद्दल काहीच माहीत नसेल तर काय गृहीत धरायचं हे त्यात दिलंय: स्क्रीनची रुंदी किमान १२० पिक्सेल आणि पानाचं एकूण वजन जास्तीत जास्त २० किलोबाइट. आज मुखपृष्ठावरचं एक चित्र यात बसत नाही! मला मोलाची वाटते ती त्याच शिफारशींमधली 'वन वेब' ही भूमिका. उपकरण कोणतंही असो, शक्य तेवढी तीच माहिती आणि त्याच सेवा सगळ्यांना मिळाव्यात. म्हणजे ज्या काळात फोननुसार पानं शिवली जात होती, त्याच काळात एका वेबचा आग्रहही धरला जात होता.

दरम्यान २००७ मध्ये आयफोन आला आणि संगणकासाठीचं अख्खं पान फोनवर उघडू लागलं. मे २०१० मध्ये वेब डिझाइनर ईथन मार्कॉट यांनी 'अ लिस्ट अपार्ट' या वेब डिझाइनच्या ऑनलाइन नियतकालिकात 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला. तीन गोष्टी एकत्र आणायच्या: टक्केवारीत मोजलेले स्तंभ, जागेप्रमाणे आकसणारी चित्रं आणि रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. जॉन ऑलसॉप यांनी तर २००० मध्येच, त्याच ठिकाणी, लिहून ठेवलं होतं की छापील पानावर असतो तसा ताबा वेबवर मागू नका, वेबचा लवचिकपणा स्वीकारा. साधनं यायला पुढची दहा वर्षं गेली.

शब्दवेडी:
एक शंका. गवतफूल म्हणतात तशी अक्षरं बारीक का होतात? स्क्रीन छोटी असेल तर ब्राउझरने ओळी आपोआप छोट्या करायला काय हरकत आहे?

आडवाटेने:
आयफोन आला तेव्हा सगळी वेब रुंद स्क्रीनसाठी होती. तिची मोडतोड होऊ नये म्हणून सफारीने पानाला सांगायला सुरुवात केली की तुला ९८० पिक्सेल जागा आहे. पान तेवढ्यात मांडायचं आणि मग सगळं चित्रासारखं लहान करून स्क्रीनवर बसवायचं. इतरांनीही तोच मार्ग धरला. ज्या पानांनी काहीच सांगितलेलं नाही त्यांना आजही हीच वागणूक मिळते.

पानाच्या माथ्यावर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग लिहिला आणि त्यात रुंदी म्हणजे उपकरणाची रुंदी असं सांगितलं की हे थांबतं. मग ब्राउझर खऱ्या जागेत मजकूर मांडतो. इथे पिक्सेल म्हणजे सीएसएसचा (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) पिक्सेल, काचेवरचा ठिपका नव्हे. २०१० च्या आयफोन ४ वर आडवे ६४० ठिपके होते, पण पानाला रुंदी ३२० च दिसे. एका पिक्सेलमागे उभे दोन, आडवे दोन ठिपके.

त्याच टॅगमध्ये काही जण पान मोठं करायला बंदी घालणारा शब्द टाकतात. तो काढायला लावा. कमी दिसणाऱ्या माणसाची त्याने अडवणूक होते.

तिसरा_डोळा:
इथवर सगळं पटलं, पण रिस्पॉन्सिव्ह म्हटलं की प्रश्न सुटला असं जे चित्र उभं राहतंय त्याला माझा विरोध आहे.

मीडिया क्वेरी मांडणी बदलते. वजन बदलत नाही. संगणकावरचा उजवा स्तंभ फोनवर 'डिस्प्ले नन' करून लपवला तरी त्याचं एचटीएमएल उतरलेलंच असतं, त्यातली चित्रंही सहसा उतरतात, स्क्रिप्ट (पानासोबत येणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम) तर चालतेच. वाचणाऱ्याने न दिसणाऱ्या गोष्टींसाठी डेटा खर्च केलेला असतो. आणि जावास्क्रिप्टचं ओझं नेटवर्कपुरतं नसतं. ती वाचून चालवायला प्रोसेसर लागतो. चांगल्या लॅपटॉपवर क्षणात उरकणारी स्क्रिप्ट स्वस्त फोनवर कित्येक पट वेळ घेते. तेवढा वेळ पान दिसत असतं, पण बोट लावलं तर हलत नाही. गूगलच्या मापदंडात मार्च २०२४ पासून आयएनपी आलं ते हेच मोजायला: बोट लावल्यापासून स्क्रीनवर बदल दिसेपर्यंत २०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जायला नको.

तेव्हा सर्व्हरने हात झटकून चालणार नाही. वेगळी साइट नको, हे मान्य. पण एकाच पत्त्यावरून दुबळ्या फोनला हलकी सामग्री जायला काय हरकत आहे?

रानवारा:
हरकत दोन ठिकाणी आहे. एक, ओळखणार कसं? दोन, कॅशचं, म्हणजे पुन्हा देण्यासाठी वाटेत साठवलेल्या प्रतींचं, काय?

ओळखीचं आधी. जवळपास प्रत्येक ब्राउझर स्वतःला 'मोझिला' म्हणवतो, कारण पूर्वी त्या नावालाच चांगलं पान मिळायचं. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून बहुतेक आयपॅडवरचा सफारी आपली ओळख मॅक अशी देतो. क्रोमने तर खाजगीपणासाठी ही ओळ मुद्दाम बोथट केली आहे. अँड्रॉइडवर मॉडेलच्या जागी नुसतं 'के' अक्षर आणि आवृत्ती कायम १०, मग हातातला फोन कोणताही असो. जुने कोश ज्या खुणेवर उभे होते तीच पुसट झाली. तिच्या जागी क्लायंट हिंट्स आल्या: सर्व्हरने ठरावीक गोष्टी विचारायच्या आणि ब्राउझरने तेवढ्याच सांगायच्या. २०२१ च्या आरएफसी ८९४२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ती पद्धत लिहिलेली आहे. पण ती क्रोम आणि त्याच्या भाऊबंदांपुरती. सफारी आणि फायरफॉक्स उत्तर देत नाहीत. म्हणजे हिंट मिळाली तर फायदा घ्यायचा, नाही मिळाली तरी पान धड दिसलं पाहिजे.

आता कॅश. एकाच पत्त्यावर दोन रूपं ठेवली तर उत्तराबरोबर 'व्हेरी' हेडर (पानासोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवून मधल्या कॅशला सांगावं लागतं की उत्तर कोणत्या हेडरनुसार बदलतं. ते विसरलं तर पहिल्या फोनवाल्याचं पान सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाटणारं सर्व्हरांचं जाळं) साठवून ठेवतं आणि पुढच्या लॅपटॉपवाल्याला तेच देतं. बरं, व्हेरीमध्ये यूजर एजंट लिहावं, तर त्या ओळीचे प्रकार इतके असतात की साठवलेलं पान दुसऱ्या कुणाच्या क्वचितच उपयोगी पडतं. कॅश असून नसल्यासारखं.

तिसरा_डोळा:
कॅशचा मुद्दा मान्य. पण मग चित्रांचं काय? वजनाचा मोठा वाटा तिथेच असतो आणि यांच्याकडे तर संग्रहच आहे.

पिंपळपान:
चित्रांचा निर्णय ब्राउझरवर सोपवा. त्याला स्क्रीनही माहीत असते आणि ठिपक्यांची दाटीही. सर्व्हर जे अंदाजाने करतो ते तो खात्रीने करतो.

इमेज टॅगमध्ये 'सोर्ससेट' लिहायचं: हेच चित्र ४००, ८००, १२०० आणि २००० रुंदीत उपलब्ध आहे. सोबत 'साइझेस' लिहायचं: अरुंद स्क्रीनवर चित्र पूर्ण रुंदी घेईल, रुंद स्क्रीनवर एक तृतीयांश. बाकीचा हिशोब ब्राउझर करतो. फोनवर चित्राला ४०० पिक्सेल जागा आणि ठिपके दुप्पट, म्हणजे ८०० ची प्रत पुरते. तिथे २००० ची पाठवली तर सव्वासहा पट ठिपके उतरवून त्यातले बहुतेक टाकून द्यायचे. 'साइझेस' लिहायला मात्र विसरू नका. ते नसेल तर ब्राउझर चित्र पूर्ण रुंदीचं धरतो आणि छोट्या चौकटीसाठीही मोठी प्रत आणतो. हे फार ठिकाणी राहून गेलेलं दिसतं.

'पिक्चर' हा टॅग वेगळ्या कामाचा. गटाचं आडवं छायाचित्र फोनवर एवढंसं होतं, चेहरे ओळखू येत नाहीत. तिथे चेहऱ्यांजवळ कातरलेली वेगळी प्रत द्यायची असेल तर पिक्चर. एव्हिफ किंवा वेबपी ही चित्रांची नवी, हलकी स्वरूपं आणि ती न समजणाऱ्यांसाठी जेपेग, ही सोयही त्यातच होते. आणि चित्राची रुंदी-उंची टॅगमध्ये लिहून ठेवा. जागा आधीच राखली जाते, नाहीतर चित्र आलं की वाचत असलेली ओळ खाली उडी मारते.

गवतफूल:
चित्रांचं अगदी नीट कळलं. मनापासून आभार. आता मला छळणाऱ्या दोन गोष्टी. वेळापत्रकाचं कोष्टक सहा स्तंभांचं आहे, ते फोनवर कसं दाखवायचं? आणि 'फोनवाल्याला एवढं सगळं लागत नाही, मोजकंच ठेवा' असा एक सल्ला मिळालाय. तो कितपत घ्यावा?

साधीसुधी:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. तो सल्ला अजिबात घेऊ नका.

फोन हातात असलेला माणूस घाईत आहे, त्याला थोडक्यात हवंय, हा आपला समज आहे. कित्येकांकडे फोन हेच एकमेव साधन असतं. ते त्यावरच लांब लेख वाचतात, अर्ज भरतात. त्यांच्यासाठी गाळलेला परिच्छेद हा साइटवर नसलेलाच परिच्छेद. मांडणी बदला, क्रम बदला, चित्र हलकं करा, हवं तर लांब भाग मिटून ठेवा आणि उघडायची सोय द्या. मजकूर काढू नका. एखादा भाग फोनवर खरंच अनावश्यक वाटत असेल तर तो मोठ्या स्क्रीनवर तरी कशाला हवा, हे बघा. डिझाइनर ल्यूक रोब्लेव्स्की २००९ पासून 'मोबाइल फर्स्ट' म्हणत आले ते यासाठीच. छोट्या जागेने काय महत्त्वाचं ते ठरवायला भाग पाडावं आणि त्याचा लाभ सगळ्यांना व्हावा.

अरुंद स्क्रीन म्हणजे फोनच, असंही नाही. कमी दिसणारी व्यक्ती १२८० पिक्सेल रुंद खिडकीत पान ४०० टक्के मोठं करते तेव्हा पानाला जागा उरते ३२० पिक्सेल. वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, २०१८ पासून हाच निकष आहे: ३२० पिक्सेलमध्ये मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. मीडिया क्वेरी नीट लिहिल्या की फोनवाला आणि ही व्यक्ती, दोघांचं काम एकाच वेळी होतं. आणि सर्व्हरने 'हा लॅपटॉप आहे' असं ओळखून रुंद पान दिलं असतं तर तिची पंचाईत झाली असती!

बोट आणि माउस यांतही रुंदीवरून फरक करू नका. स्पर्शाची स्क्रीन असलेले लॅपटॉप आहेत, टॅब्लेटला माउस जोडणारे आहेत. सीएसएसला थेट विचारता येतं की मुख्य साधनाने वर तरंगता येतं का आणि त्याचा नेम बारीक आहे की जाड: 'हॉवर' आणि 'पॉइंटर' या क्वेरी त्यासाठीच आहेत. माउस वर नेल्यावरच उघडणारा मेनू मात्र कुठेच ठेवू नका. काकांच्या टीव्हीच्या रिमोटवर बाण असतात. त्यांना प्रत्येक दुव्यावर बाणांनी पोहोचता आलं पाहिजे आणि आपण कुठे आहोत ते ठळक चौकटीने दिसलं पाहिजे. बटणांच्या फोनलाही तेच लागू.

पिंपळपान:
+१. हा प्रतिसाद चौकट करून ठेवावा असा आहे.

कोष्टकाबद्दल: सहा स्तंभ खरोखर एकमेकांशी ताडून बघायचे असतील तर कोष्टक तसंच ठेवा आणि फक्त ते आपल्या चौकटीत आडवं सरकू द्या, सगळं पान नको. डब्ल्यूसीएजीचा वरचा निकषही कोष्टकांना ही सूट देतो. पण वेळापत्रक माणसं बहुधा एकेक कार्यक्रम म्हणून वाचतात. तेव्हा ते मुळातच यादी म्हणून लिहा: कार्यक्रमाचं नाव, खाली दिवस, वेळ, जागा. रुंद जागा मिळाली की सीएसएस ग्रिडने (आडव्या-उभ्या चौकटींत मांडणी करायची सीएसएसची सोय) त्याचेच स्तंभ करा. आता कंटेनर क्वेरीही आहेत, २०२३ च्या सुरुवातीपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतात. त्यांच्यामुळे यादी स्क्रीनकडे न बघता स्वतःला मिळालेल्या जागेकडे बघून आकार घेते. तीच यादी मुखपृष्ठाच्या अरुंद कडेला लावली तरी नीट बसते.

अर्जाचंही सांगून टाकतो. ईमेल, फोन नंबर, तारीख यांना आपापले इनपुट प्रकार द्या, म्हणजे तसा कीबोर्ड उघडतो. चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत, नाहीतर आयफोनवर बोट लावताच पान आपोआप मोठं होतं.

आडवाटेने:
बटणांच्या फोनचा विषय निघाला म्हणून. त्यातले काही कायओएस या बटणांच्या फोनसाठीच्या प्रणालीवर चालतात. स्क्रीन साधारण २४० बाय ३२०, स्पर्श नाही. कायओएस २.५ चं इंजिन फायरफॉक्स ४८ च्या काळातलं आहे. सीएसएस ग्रिड फायरफॉक्समध्ये आलं ५२ व्या आवृत्तीत, म्हणजे या फोनला ग्रिड कळत नाही. पण म्हणून त्याच्यासाठी वेगळं काही बांधायला नको. आधी साधी, एकाखाली एक मांडणी लिहा. मग 'सपोर्ट्स' नियमात विचारा: ग्रिड समजतं का? समजत असेल तर पुढचं.

स्क्रिप्टचंही असंच करता येतं. मॉड्यूल या नव्या प्रकारची स्क्रिप्ट जुना ब्राउझर उचलतच नाही. सगळी वरकड स्क्रिप्ट तशी लावली की जुन्या फोनला आपसूक निव्वळ एचटीएमएल मिळतं, फोन न ओळखता. बीबीसी न्यूजच्या चमूने २०१२ मध्ये याच धर्तीवर ब्राउझरची क्षमता तपासून दोन थर केले होते: मूळ मजकूर सगळ्यांना, वरची सजावट झेपेल त्याला. तिसरा डोळा, तुम्हाला हवी ती हलकी सामग्री अशी मिळते. अट एकच, लेख आणि अर्ज स्क्रिप्टशिवाय चालले पाहिजेत.

तिसरा_डोळा:
हे मला मान्य आहे. फक्त नवा पण स्वस्त अँड्रॉइड फोन मॉड्यूल उचलतो आणि तरी हळूच चालतो, त्याचा यात बचाव नाही. त्याच्यासाठी स्क्रिप्ट मुळातच कमी लिहिणं हाच उपाय. लेखांच्या साइटला तशी फारशी लागतही नाही. आणि तपासणी लॅपटॉपच्या ब्राउझरमधली खिडकी अरुंद करून उरकू नका. त्यात रुंदी कळते, फोनचा संथपणा आणि उन्हात न दिसणारा फिका रंग कळत नाही. वाचकांपैकी ज्याचा फोन सगळ्यात साधा असेल त्याच्या हातात साइट द्या आणि अर्ज भरायला सांगा.

शब्दवेडी:
मराठी साइट आहे म्हणून फॉन्टबद्दल थोडं, हे माझ्या कामातलं आहे. युनिकोडमधला देवनागरीचा मूळ पट्टा १२८ जागांचा, पण जोडाक्षरांमुळे फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या असतात, त्यामुळे फाइल जड होते. दोन जाडींवर भागवा आणि 'फॉन्ट डिस्प्ले स्वॅप' ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत वाचता येतं. फाइल हलकी करायला फॉन्ट छाटत असाल तर शून्य रुंदीचा जोडक (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) सोबत राहू द्या. काही जण 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला र त्याच्या साहाय्याने टाइप करतात, तो जोडक नसेल तर ही अक्षरं तुटू शकतात.

ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवू नका. वर रफार आणि मात्रा, खाली उकार. ठरावीक उंचीच्या बटणात ते हमखास कापले जातात. उंची मजकुराला ठरवू द्या.

गवतफूल:
किती आणि काय काय मिळालं या धाग्यात! ठरलं तर: एकच साइट, पत्ता एकच, मजकूर सगळ्यांना सारखा. दुसऱ्या गृहस्थांना हा धागा वाचायला दिलाय आणि अर्ज स्क्रिप्टशिवाय चालेल असं त्यांनी कबूल केलंय. बटणांच्या फोनवर तपासायला आमच्यातल्याच एक काकू तयार झाल्या आहेत.

शेवटची एक शंका. वेळापत्रक दर महिन्याला छापून फलकावर लावतो. त्यासाठी वेगळी फाइल करत राहायची का?

आडवाटेने:
नको. कागदही सीएसएसच्या यादीत १९९८ पासून आहे. तेव्हाच्या सीएसएस २ मध्ये हातातल्या उपकरणांसाठी 'हँडहेल्ड' असा प्रकार होता, तो पुढे बाद झाला. 'प्रिंट' अजून चालतो. त्याच पानाला प्रिंटचे नियम लावा: मेनू आणि बटणं लपवा, पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं काळी आणि पॉइंटमध्ये मोजलेली. एका कार्यक्रमाचे दोन तुकडे दोन कागदांवर जाऊ नयेत म्हणून 'ब्रेक इनसाइड अव्हॉइड'. दुव्यापुढे त्याचा पूर्ण पत्ता छापायचा असेल तर सीएसएसच्या 'आफ्टर' या दुव्यापुढे मजकूर जोडणाऱ्या सोयीने तो दुव्यातूनच उचलता येतो. साइटवर तारीख बदललीत की फलकासाठी तेच पान पुन्हा छापायचं.